छुईची वाट

पांढऱ्या मातीवर गुटख्याची पिंक कशी दिसते, ते ज्याला पाहायचं असेल त्यानं आमच्या डोंगरीवर यावं. ताजी असली की लालभडक, दुसऱ्या दिवशी तपकिरी, आणि जात काही नाही. ही माती अंगावर जे पडेल ते पिऊन घेते. मी एकदा खुरप्यानं खरवडून पाहिलं, बोटभर खोल गेलो तरी लालीच. खुरपं तिथंच टाकलं, बाजूच्या झुडपाआड गेलो आणि सकाळचा भात बाहेर काढला. वाढवून नाही सांगून राहिलो. साठी ओलांडलेला माणूस, डोक्यावर पिवळी टोपी, गळ्यात शिट्टी, आणि झुडपाआड ओकतो आहे. मागून कोणीतरी म्हणालं, "लगता है काका को लू लग गई."

या मातीला आमच्याकडे छुई म्हणतात. खडूसारखी मऊ असते, पाण्यात कालवली की दाट दुधासारखी होते. बायका तीत चिंधी बुडवून भिंती पोतारतात. गोंदियाच्या पूर्वेला, दरेकश्याच्या बाजूला, नदीच्या दोन्ही अंगांना डोंगऱ्या आहेत. वर जंगल, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. त्यातली एकच अशी की तिच्या कुशीत सब्बल, म्हणजे पहार, मारली तर पांढरं निघतं. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या खणून तिथं माणूस वाकून आत जाईल एवढी खाण केली आहे. नदी, हिरवी दरी आणि मधेच हा पांढरा डाग. शहरातल्या माणसाला फोटोसाठी आणखी काय लागतं?

मी डाकवाला होतो. तीस वर्षं या दरीतल्या गावांना चिठ्ठ्या दिल्या, मनीऑर्डरी दिल्या आणि नंतर नंतर नुसते बँकेचे कागद. डांबरी संपेपर्यंत सायकल, पुढं पायी. पावसाळ्यात बांधीतला चिखल चप्पल ओढून घेतो, म्हणून चप्पल पिशवीत आणि पिशवी डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं जायचं. इथली एक न्‌ एक वाट माझ्या तळपायाला ठाऊक आहे. बैलवाट रुंद आणि नदीला धरून जाणारी. बाजारवाट जाताना सरळ, पण परतीची जरा वेगळी, मोहाच्या झाडांखालून वळसे घेत येणारी, कारण बाजार करून परतणारी माणसं सरळ चालत नाहीत. आणि एक छुईची वाट. ती बायकांची. पुरुषाला तिथं मनाई आहे असं कोणी कधी म्हटलं नाही, पण पुरुष जात नाही. मला डाकेसाठी ती आडवी ओलांडावी लागायची, तेव्हा मी वळणाच्या अलीकडेच मोठ्यानं खाकरायचो.

त्या वाटेची एक रीत आहे. छुई आणायला निघालेली बाई कुठं चालली ते सांगत नाही. डोक्यावर रिकामी टोपली, खांद्यावर सब्बल, चार बाया एकामागं एक, आंधळ्यालाही कळेल कुठं चालल्या. तरी कोणी विचारलं, "कुठी चालल्या वं?" तर उत्तर एकच. "कुठीच नाही." छुई आणता का? "नाही." खाण कुठं आहे? "माहीत नाही." कारण सांगितलं की डोंगरी माती लपवते, असं आमच्याकडे मानतात. जिनं तोंडानं कबूल केलं, तिनं पुन्हा त्या खाणीत सब्बल मारायची नाही. मारली तर लाल मुरूमच निघणार. लहानपणी मायच्या मागं मागं मीही त्या वाटेनं गेलो आहे, आणि कोणी विचारलं तर मायच्या आधी मीच ओरडायचो, "कुठीच नाही!" गावातले सगळे हसायचे. विचारणाऱ्यालाही उत्तर माहीत असायचं. तो खेळ होता म्हणा, पण खेळातही कोणी नियम मोडत नव्हतं.

माझी मोठी बहीण त्या डोंगरीच्या पायथ्याच्या गावात दिलेली आहे. तिला मी बाई म्हणतो. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. मला तिनंच कडेवर वागवलं, त्यामुळे मी सायकलवरून डाक घेऊन आलो तरी ती मला बाबूच म्हणायची. तिला एक मुलगा आहे. एक मुलगी होती, आठ वर्षांची होऊन तापात गेली. आमच्यात भादव्यात हलका, लवकर पिकणारा धान कापला की नवं करतात, म्हणजे नव्या तांदळाचा पहिला भात घरच्या देवापुढं आणि घरच्या मेलेल्यांपुढं ठेवतात. त्या दिवशी मेलेले जेवायला येतात. पण घराची भिंत ताज्या छुईनं पोतारलेली पाहिजे. नाही तर त्यांना घर ओळखू येत नाही, आणि ते दारातूनच परत जातात. ज्याच्या माणसासाठी भिंत, त्यानंच आपल्या हातानं छुई खणायची. बाई दरवर्षी पोळा झाला की खाणीवर जायची. घराच्या बाकीच्या भिंती तिच्या सुनेनं पोतारल्या तरी चालायच्या, पण आतल्या खोलीतली एक भिंत बाईचीच. तिथं खाली, एका लेकराचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, ती बोटांनी दोन चिमण्या काढायची.

आता मी काय केलं ते सांगतो.

मी रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. घरी बसून माझा मेंदू कुजून चालला होता. तेवढ्यात एक साहेब आला. कुठल्या कचेरीचा ते सोडा. दरीतल्या पायवाटांची पाहणी करून पर्यटकांसाठी चालायचे मार्ग आखायचे होते. ठिकठिकाणी बोर्ड, बसायला बाक, नकाशा. हातात टॅबलेट, पायात महागाचे बूट, बोलणं गोड. म्हणाला, "पोस्टमनजी, आपके बिना तो ये काम हो ही नहीं सकता." झालं. मी असा हरभऱ्याच्या झाडावर चढलो की विचारू नका. तीस वर्षं ज्या वाटांनी पाय फोडून घेतले, त्यांची कोणी नावं विचारतो, लिहून घेतो, मला खुर्ची देतो! चार दिवस मी त्याच्यापुढं चाललो. प्रत्येक झाड दाखवलं, प्रत्येक वळण सांगितलं. तो दमला की मी त्याची बाटली धरायचो. आता आठवलं की माझी मलाच शिसारी येते, पण तेव्हा छाती फुगली होती.

शेवटच्या दिवशी बैलवाटेनं नदीच्या वळणावर आलो आणि त्याला समोरची पांढरी खाण दिसली. "अरे वाह! ये क्या है? चॉक का पहाड़?" मी म्हणालो, छुई आहे. तो पळतच सुटला. मी मागं मागं. छुईच्या वाटेवर मी त्या दिवशी खाकरलोसुद्धा नाही.

पोळा होऊन आठेक दिवस झाले होते. गावाच्या बाजूनं बायांची ओळ येत होती, सगळ्यात पुढं बाई. टोपली, सब्बल. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसली.

साहेबानं हिंदीत विचारलं, "अम्मा, कहाँ जा रही हो?"

"कुठीच नाही जी."

"यहाँ से मिट्टी ले जाती हो क्या?"

"नाही जी."

"इस रास्ते से रोज़ आना-जाना है?"

"नाही जी." मागच्या बायाही म्हणाल्या, "नाही जी, नाही जी." एकीला हसू आवरेना. बाईनं माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. तुला तर माहीतच आहे बाबू, असं ते पाहणं होतं. आणि ओळ पुढं निघून गेली.

साहेबानं टॅबलेटवरून नजर उचलली आणि मला विचारलं, "तो लोकल यूज़ कुछ नहीं है. लिख दूँ?"

मी सांगू शकत होतो. रीत बायकांना होती, मला नव्हती. एका वाक्याचं काम होतं. साहेब, त्या आणतात छुई, पण सांगत नाहीत. का नाही सांगितलं? खरं कारण लिहितो, आता लपवून कोणाचं भलं व्हायचं आहे? मला लाज वाटली. चार दिवस तो मला पोस्टमनजी, पोस्टमनजी करत होता. त्याला मी सांगायचं की माझी बहीण मानते, तोंडानं बोललं की माती पळून जाते? तो हसला असता. मला त्याच्यासारखं, बूटवाल्यांसारखं दिसायचं होतं. आणि दुसरं म्हणजे, वापर आहे असं लिहिलं तर आणखी चौकश्या, आणखी कागद, आणि ही पांढरी खाण कदाचित मार्गातून वगळली गेली असती. माझा सगळ्यात देखणा मार्ग. माझा! बापाची मालमत्ता असल्यासारखा.

मी म्हणालो, "लिख दो."

तो म्हणाला, मराठीत कागद लागेल, तुमचं अक्षर चांगलं आहे. माझं अक्षर खरंच चांगलं आहे. दगडावर बसून, मांडीवर वही घेऊन मी वळणदार अक्षरात लिहिलं, की सदर वाटेचा व खाणीचा स्थानिकांकडून वापर होत नाही, विचारणा केली असता महिलांनी नाही असे सांगितले. खाली सही. त्याच वेळी वरून सब्बल मातीत बसल्याचा आवाज येत होता, धप्प, धप्प. साहेबाला तो कसला आवाज ते कळलं नसेल. मला कळत होतं.

थंडीत कामं सुरू झाली. बैलवाटेवर रंगीत ठोकळे बसवले, बैलांचे खूर घसरायला लागले. सिमेंटचे बाक केले आणि त्यांना लाकडाच्या ओंडक्यासारखा रंग दिला. चहूकडे खरं लाकूड उभं असताना! कचऱ्यासाठी पेंग्विन ठेवले, तोंड वासलेले. दरेकश्याच्या जंगलात पेंग्विन! पहिल्या महिन्यात माकडांनी एका पेंग्विनचं डोकं उपटून नदीत टाकलं. माकडांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. छुईच्या वाटेच्या तोंडाशी फाटक आलं, तिकिटाची खिडकी आली आणि मोठा बोर्ड आला. त्यावर "व्हाईट हिल व्हयू पाँईट" असं लिहिलं होतं, आणि खाली "माती ऊकरण्यास सक्त मनाई". मराठीची अशी वाट लावलेली पाहून मी साहेबाला म्हणालो, हे तरी सुधारा. तो म्हणाला, समझ में तो आता है ना. समजतं म्हणे. लेकाचे.

मला टोपी दिली, शिट्टी दिली आणि मार्गदर्शक केलं. उन्हाळ्यात माणसं आली. दरेकश्याला रेल्वेतून उतरायची, नाही तर स्वतःच्या गाड्या घेऊन यायची. काय सांगू कशी माणसं! चालायला आलेली माणसं चालतच नव्हती. दहा पावलं टाकायची, थांबायचं, मोबाइल उंच धरायचा, ओठांचा चंबू करायचा, पुन्हा दहा पावलं. एक जोडपं तोंडाला छुई फासून नाचलं, आणि मग ते तोंड त्यांनी धुतलं कुठं, तर गावाच्या पाणवठ्यावर. एक बसभर मंडळी आली, नदीत उभं राहून कोंबड्या साफ केल्या, पिसं पाण्यात सोडली, हाडं बाकाखाली. त्यांचं सामान उचलताना माझ्या हाताला लेकराचं हगलेलं डायपर लागलं, नीट गुंडाळून खाणीच्या तोंडाशी ठेवलेलं. खाणीच्या तोंडाशी, जिथं बाई आत शिरण्याआधी चप्पल काढते. मी शिट्टी फुंकली तर म्हणतात, "काका, टेन्शन नको." एकानं खाणीच्या भिंतीवर चावीनं आपलं आणि कोणाचं तरी नाव कोरलं, बदामात. मी म्हणालो, अरे बाबा, हे कायले करून राहिला? तर म्हणतो, याद रहेगा. दोन आठवड्यांत दुसऱ्यानं त्याच बदामावर पिंक टाकली. ती पुसायला गेलो तेव्हाच ते ओकण्याचं झालं.

मला घाण नवीन नाही. शेणात, चिखलात वाढलेला माणूस आहे मी, मेलेलं ढोर ओढून नेलेलं आहे. त्या घाणीची कधी किळस आली नाही. ही घाण वेगळी होती, कारण तिला मी बोट धरून आणलं होतं. घरी आलो की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचो. बायको म्हणायची, किती धुता? तरी टोपी मी काढली नाही. टोपीशिवाय मी परत घरी बसणारा म्हातारा झालो असतो.

मग पोळा आला. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी बाई माझ्या घरी आली. पायी, नदी ओलांडून. टोपली रिकामी. ती दारात टेकवली आणि तिथंच बसली. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"बाबू, तिथं फाटक काऊन लावलं गा?"

मी खुंटीवरच्या टोपीकडं पाहिलं.

"चौकीदार म्हणते तिकीट काढा. तिकीट काढतो म्हटलं तं म्हणते सब्बल आत नेता येत नाही. आमी चार बाया उभ्याच्या उभ्या वापस आलो. नवं आठ दिवसावर आलं ना बाप्पा. मी पोतारू कायनं?"

"मी साहेबाले विचारतो," मी म्हणालो.

"विचार. तुयं ऐकते तो." आणि मग पाणी घेतलं तिनं. तिला त्या कागदाची काही खबर नव्हती. माझी सही आहे म्हणून सांगायला तेव्हाही जागा होती. ते न सांगताच मी तिला नदीपर्यंत पोचवायला गेलो, तेही टोपी घालून.

साहेब वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत. राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "वापर असेल तर आम्ही फाटक उघडू ना. पण रिकॉर्ड में तो नहीं है. कोई महिला सबके सामने कह दे कि वो जाती है, मैं लिख लूँगा." म्हणजे जे तोंडानं बोलायचं नाही, नेमकं तेच बोलायचं. मी त्याला रीत सांगितली. त्या वेळी सांगायची ती, एक वर्षानं सांगितली. तो हसला नाही. इतकंच म्हणाला, "ये आपने पहले क्यों नहीं बताया?"

ग्रामपंचायतीत बैठक बसली. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर आणि दारात. साहेब टेबलाशी, पुढ्यात तो कागद. त्यानं पहिलीला विचारलं, अम्मा, तुम्ही छुई आणायला जाता का? "नाही जी." दुसरीला. "नाही जी. कुठीच नाही." तिसरीनं नुसती मान हलवली. दारातली पोरंटोरं फिदीफिदी हसायला लागली. कोणीतरी ओरडलं, "हो म्हणा ना वं, काय जाते तुमचं?" बायका खाली बघत होत्या. त्यांचं काय जाते ते ओरडणाऱ्याला कुठलं कळणार? प्रत्येकीच्या घरी नवं होतं, प्रत्येकीच्या घरचं कोणी ना कोणी जेवायला येणार होतं. आज हो म्हणायचं म्हणजे खाणीचं फाटक सगळ्या गावासाठी उघडायचं आणि स्वतःसाठी कायमचं लावून घ्यायचं.

मी उठलो. म्हणालो, "साहेब, या जातात. सगळ्या जातात. माझी मायही जायची."

साहेबानं कागद माझ्याकडं फिरवला. "ये किसका लिखा है?"

माझं ते वळणदार अक्षर. सगळ्या सभेला दिसलं.

"माझं."

"तो झूठ तब लिखा था, या अब बोल रहे हो?"

साधा सवाल होता. उत्तरही साधं होतं, तेव्हा. एवढंच म्हणायचं होतं, तेव्हा खोटं लिहिलं. बायकांनी माना वर केल्या होत्या. बाई माझ्याकडं पाहत होती. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "तवा मले माहीत नव्हतं."

थू! आता लिहितानाही तोंडात कडू येतं. ज्या वाटेवर मायच्या मागं "कुठीच नाही" म्हणत नाचलो, ती मला माहीत नव्हती! आणि हे मी कोणासमोर बोललो, तर जी तेव्हा माझं बोट धरून चालायची तिच्यासमोर. सभेत कुजबुज झाली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "काय लबाड बोलून राहिला बे हा डाकवाला!" साहेबानं पेनाचं टोपण लावलं. म्हणजे संपलं. कागद जसा आहे तसाच राहणार.

तेव्हा बाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. पदर डोक्यावरून नीट घेतला.

"मी जातो जी," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, जातो, करतो. "सासरी आली तवापासून जातो. पोळा झाला का जातो. टोपलीभर छुई आणतो, भिंत पोतारतो. या साऱ्या बाया येतेत. आमी सांगत नाही. हा माया भाऊ हाय, ह्यानं आमचं 'नाही' ऐकलं अन् 'नाही'च लिवलं. लबाड नाही तो. लिहा तुमी."

साहेबानं टोपण काढलं आणि लिहायला लागला. शेजारी बसलेली एक जण तिच्या लुगड्याचा काठ धरून खाली ओढत होती, बस वं, बस, म्हणून. पण ती पूर्ण बोलली. कुठून वळायचं, खाणीत किती आत जायचं, छुई कुठं चांगली लागते, सगळं. बोलायचंच तर काही ठेवून कशाला बोलायचं, असं वाटलं असेल तिला. अंगठा दिला, आणि अंगठ्यावरची शाई पदराला पुसत बाहेर गेली.

तिसऱ्या दिवशी हुकूम आला. आठवड्यातून दोन सकाळी, पर्यटक यायच्या आधी, बायकांना सब्बल घेऊन आत सोडायचं. लोकांनी माझी पाठ थोपटली. डाकवाल्यानं काम केलं म्हणे! मी त्याच दिवशी टोपी, शिट्टी खिडकीत नेऊन दिली. त्यात काही मोठेपणा नव्हता, टोपी डोक्यावर ठेववतच नव्हती. बाया टोपल्या घेऊन गेल्या, पांढऱ्या होऊन परत आल्या. बाईची सूनही गेली.

नव्याच्या दिवशी मी बाईकडे गेलो. दुरून घर पांढरंशुभ्र दिसलं आणि मला वाटलं, सुटलो. सुनेनं पडवी पोतारली होती, बाहेरच्या तिन्ही भिंती पोतारल्या होत्या. मी आत गेलो. आतल्या खोलीतली ती एक भिंत तशीच होती. गेल्या वर्षीची, धुरानं पिवळी पडलेली, पोपडे निघालेली. खालच्या चिमण्यांपैकी एक पुरती उडाली होती, दुसरीची नुसती शेपूट राहिली होती. देवापुढं नव्या भाताचे द्रोण मांडले होते. दरवर्षी मी मोजत नाही, पण भाचीचा एक छोटा असतो हे माहीत असतं. या वर्षी छोटा नव्हता.

बाई चुलीपाशी लाखोरीची डाळ घोटत बसली होती. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो.

"बाई, सुनेच्या छुईनं पोतार ना वं. कोणाले काय माहीत पडते?"

"तिले माहीत पडते," बाई म्हणाली. "पोरगी येईन अन् दारातूनच जाईन. कायले तिले फसवू?"

"मी खणून आणू का? मी तं सख्खा मामा हाय तिचा."

तिनं घोटणी थांबवली. रागावली नव्हती. रागावली असती, भांडी आपटली असती, तर मी तिचे पाय धरले असते. ती माझ्याकडं पाहत राहिली, तापात निजलेल्या लेकराकडं पाहावं तशी. मग म्हणाली, "त्या दिशी वाटेवर साहेबानं तुले इचारलं, तवाच तू बोलला असता बाबू, तं मले बोला लागलं नसतं."

म्हणजे तिला माहीत होतं. माझी सही, ते अक्षर, माझं ते माहीत नव्हतं म्हणणं, सगळं पाहून, सगळं समजून ती उठली होती.

तिनं माझ्यापुढं पान मांडलं, नवा भात वाढला, वर डाळ घातली. आणि तेव्हाही मी काहीच बोललो नाही.